आजोबांची 'विमानातली खुर्ची' नक्की कुठल्या विमानाची? (फोटो टाकलेत)

नातू_कसबेकर:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या कसब्यातल्या जुन्या घरी गॅलरीत एक पत्र्याची खुर्ची आहे, खुर्ची म्हणजे काय तर ॲल्युमिनियमचं खोल घमेलंच म्हणा आणि त्याला मागे उभी पाठ, पाय नाहीतच, खाली लोखंडी अँगलचा स्टँड करून बोल्टांनी बसवलाय. घरात तिला पहिल्यापासून 'विमानातली खुर्ची' म्हणतात. आजोबा एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती करणारे) होते, शेवटची बरीच वर्षं पुण्याच्या लोहगाव तळावर, ६९ ला सुटले, २००९ मध्ये गेले. लहानपणी मी विचारायचो कुठल्या विमानाची, तर म्हणायचे "उडणाऱ्या" आणि परत पेपरात तोंड. आजी गेली चाळीसेक वर्षं त्या घमेल्यात उशी टाकून मटार सोलतेय, वाल निवडतेय, त्यामुळे कोणी तिच्याकडे वस्तू म्हणून बघितलंच नाही.

आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय आणि सामान आवरायचंय. माझ्या चुलतभावाने उत्साहाच्या भरात खुर्चीचा फोटो एका विक्रीच्या साइटवर टाकला, तर दुसऱ्या दिवशी एका माणसाचा फोन, म्हणे ही स्पिटफायरची (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) सीट आहे, साठ हजार रोख देतो, फक्त जास्त लोकांना दाखवू नका. हे 'दाखवू नका' ऐकूनच मला कसंतरी झालं. भाऊ मात्र वायर ब्रश आणि थिनर घेऊन तयारच आहे, म्हणतो चकाचक केली की लाखाला जाईल.

खुर्चीशिवाय अजून दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे जाड पत्र्याचा हातभर ब्रॅकेट, त्यात दोरीची असते तशी कप्पी, हा आम्ही दाराला अडसर म्हणून वापरतो. दुसरं, डालड्याच्या डब्यात एक गोल घड्याळासारखं मीटर, काळी तबकडी, काटा अडकलेला, मागे मुकुटाचा शिक्का आणि बारीक अक्षरं. ओळखायचं कसं? सुरुवात कुठून करायची?

निवृत्त_फिटर:

अरे वायर ब्रश आधी खाली ठेवायला सांग त्या भावाला. आणि थिनर तर घरातच ठेवू नका.

मी पण एअरफ्रेमवालाच, तुझ्या आजोबांच्या नंतरच्या पिढीतला. फोटो बघून मला एक शंका आलीय पण आत्ता बोलत नाही, कारण एकदा नाव घेतलं की सगळे तेच शोधायला लागतात आणि मग जे दिसायला हवं ते दिसत नाही. आधी काम कर.

रंगाचे थर मोज. तुझी खुर्ची वरून पोपटी ऑइलपेंटची आहे, तो घरचाच असणार, त्याखाली एक चंदेरी थर दिसतोय. एखाद्या बोल्टच्या वॉशरखाली किंवा पाठीच्या वळवलेल्या काठाच्या आत, जिथे ब्रश पोचत नाही तिथे बघ खाली काय आहे. अमेरिकन माल असेल तर बहुतेक पिवळट हिरवा निघेल, तो झिंक क्रोमेट, पत्र्याला गंज धरू नये म्हणून लावायचा रंग. ब्रिटिश विमानांच्या कॉकपिटमध्ये राखाडीकडे झुकणारा हिरवा असायचा. आणि हो, त्या झिंक क्रोमेटची धूळ नाकात जाणं वाईट, त्यातलं क्रोमियम कॅन्सर करतं, म्हणून पॉलिश पेपरने कोरडं घासायचं नाही म्हणजे नाही. शिवाय ओळख सगळी त्या रंगातच असते, चकाचक केली की उरतं फक्त घमेलं.

दुसरं म्हणजे नंबर. पार्ट नंबर पत्र्यात ठोकलेला असतो किंवा शाईच्या रबरी शिक्क्याने उठवलेला असतो. शाईवाला थिनरने क्षणात जातो. ठोकलेला रंगाखाली बुजला असेल तर रात्री लाइट घालवून टॉर्च पत्र्याला लागून आडवा धर, खड्डे सावलीत उठून दिसतात. नाहीतर पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल फिरव, लहानपणी नाण्याचा ठसा काढायचो ना, तसं. पुढच्या काठाच्या खाली, पाठीच्या मागे आणि जिथे जिथे बसवायच्या कड्या आहेत तिथे बघ.

तिसरं, घमेल्याची खोली मोज. पायलट पॅराशूटवर बसायचा, पॅराशूट म्हणजेच त्याची गादी, म्हणून त्या सीटला मुद्दाम खोल भांडं असतं. सपाट असेल तर गोष्ट वेगळी.

मिडलंड्सकर:

काकांना अनुमोदन, एक छोटी दुरुस्ती फक्त, खोल भांडं म्हणजे फायटरच असं नाही, लँकेस्टरसारख्या बाँबरचा पायलटसुद्धा पॅराशूटवरच बसायचा आणि ट्रेनरमध्ये, म्हणजे पायलट शिकवायच्या विमानात, तर पुढचा मागचा दोघंही. त्यामुळे खोलीवरून एवढंच कळतं की ही प्रवाशाची खुर्ची नाही.

मी इथे इंग्लंडमध्ये बारा वर्षं आहे आणि इकडे विमानांच्या भंगाराचे बाजार भरतात, शेतात गाड्या लावून लोक डिकी उघडून बसतात, आपल्या जुन्या बाजारासारखंच पण पावसात. तिथे 'स्पिटफायरचं' म्हणून जेवढं विकलं जातं तेवढी स्पिटफायर बनलीच नसतील, आणि ती वीस हजारांच्या वर बनली होती. त्यामुळे त्या साठ हजारवाल्याला आधी एवढंच विचार की कशावरून.

स्पिटफायरच्या सीट दोन प्रकारच्या. एक पत्र्याची. दुसरी तांबूस तपकिरी, कागदाचे थर राळेत दाबून बनवलेली, लोक तिला बेकेलाइटची म्हणतात, युद्धात ॲल्युमिनियम वाचवायला काढलेली. तुझी तपकिरी नाही म्हणजे पत्र्याचीच शक्यता उरते, पण तिथेही खुणा असतात. स्पिटफायरच्या पार्ट नंबरची सुरुवात सुपरमरीनच्या (स्पिटफायर बनवणारी कंपनी) टाइप नंबरने होते, मार्क म्हणजे मॉडेल, ३०० म्हणजे पहिलं मार्क वन, ३४९ मार्क फाइव्ह, ३६१ मार्क नाइन, ३७९ मार्क फोर्टीन. जवळच तपासनिसाचे बारके गोल शिक्के असतात, सीबीएएफ असेल तर कॅसल ब्रॉमविचचा कारखाना, ६एस असेल तर सुपरमरीन. आता गंमत अशी की ३०० पुढच्या मार्कांमध्येही सापडतो कारण जो भाग बदलला नाही त्याचं ड्रॉइंगही बदललं नाही, मग नंबर कशाला बदलतील. नंबर म्हणजे ड्रॉइंगचा नंबर. तो भाग कुठल्या विमानात उडाला हे त्यावर लिहिलेलं नसतं, हे डोक्यात पक्कं बसवायला मला दोनेकशे पाउंड लागले.

त्याची कथा अशी की इथे नवीन असताना एकाकडून हरिकेनची (तेव्हाचंच दुसरं ब्रिटिश फायटर) सीट म्हणून घेतली, छान भोकं पाडलेली, हिरवा रंग, मधेमधे कौतुकाने खरचटवलेली, घरी आणून एक बोल्ट काढला तर आटे मेट्रिक! युद्धातल्या ब्रिटिश विमानात मेट्रिक आटे कुठून येणार. बायको अजून त्या सीटला 'तुझं हरिकेन' म्हणते आणि त्यात कुंडी आहे.

म्हणून तुला माझा सल्ला, पाने (स्पॅनर) काढ. तुमच्या स्टँडचे बोल्ट नाही, सीटला मुळात असलेले बोल्ट. डोक्यावर काही खूण आहे का बघ.

साताऱ्याचा_पंत:

मध्येच घुसतोय, माफ करा. आमचे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, इटलीत होते, तिकडून येताना एक छोटं गोल यंत्र आणलं होतं, होकायंत्र असावं, आतलं तेल गेलंय. त्याच्या पट्टीवर मोठा एफ आणि लहान एल असं काढून पुढे पाच आकडे आहेत, आणि खाली तीन लहान अक्षरं. हे पण विमानाचं का? घरात सगळे म्हणतात तोफेचं.

मिडलंड्सकर:

पंत, तोफेचं नाही, विमानाचंच. एफएल आणि आकडे हा जर्मन हवाई दलाच्या उपकरणांचा सामान नंबर. खालची तीन लहान अक्षरं म्हणजे कारखान्याचं सांकेतिक नाव, शत्रूला कळू नये म्हणून नावाऐवजी अक्षरं घालायचे. पण तेच यंत्र पाच प्रकारच्या विमानांत बसायचं त्यामुळे विमान सांगता येणार नाही. सांगाड्याच्या भागावर ८-१०९ अशी सुरुवात असती तर मेसरश्मिट १०९ म्हणता आलं असतं. पट्टी ब्रासोने घासू नका. वेगळा धागा काढा ना, पणजोबांबद्दल पण लिहा, इटलीतल्या मराठ्यांबद्दल वाचायला आवडेल, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ह्या दोघांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता.

नातू_कसबेकर:

काल रात्री केलं सगळं. आजीला गॅलरीतून उठवलं, तिने विचारलं कशाला, म्हटलं खुर्चीची तपासणी आहे, म्हणाली "माझी कर आधी, गुडघे दुखतायत".

तर रिपोर्ट:

भांडं आत साधारण १५ इंच रुंद, बऱ्यापैकी खोल. पाठीमागे चार कड्या आहेत, दोन वर दोन खाली, म्हणजे दोन उभ्या नळ्यांवर खुर्ची वरखाली सरकत असावी असं वाटतं, आणि एका बाजूला दांडा बसायची जागा, दांडा गायब. पाठीत पट्टे जायला फट.

रंग: पोपटी, त्याखाली चंदेरी, आणि कडीच्या वॉशरखाली अगदी कैरीच्या आतल्या सालीसारखा पिवळट हिरवा. फोटो टाकलाय.

रिव्हेट: ह्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं पण भिंगातून बघताना दिसलं की प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध एक बारीकसा खळगा आहे, सुईने टोचल्यासारखा. एकूण एक रिव्हेटवर. बोल्टांच्या डोक्यावर फुलीसारखी उठावाची खूण. त्यातल्या एकाला ११ चा पाना लावला तर बसेना, म्हणजे जाता जाता राहतो. खालच्या मजल्यावरच्या गॅरेजवाल्या मामांकडून ७/१६ आणला, गपकन बसला. मामा म्हणाले हा इंचाचा माल, आपल्याकडच्या जुन्या जीपला लागायचा.

नंबर: पेन्सिलने कागदावर आला!! पाठीच्या मागे खाली. ८८ मग आडवी रेघ मग पाच आकडे, शेवटचे दोन धड वाचता येत नाहीत. शेजारी छोटा गोल शिक्का, आतलं अक्षर बुजलंय.

कप्पीवाल्या ब्रॅकेटवर सुरुवातीला ३२, मग एक अक्षर, मग आकडे. ह्याच्या तळाला चार भोकं आहेत, मूळची वाटत नाहीत, कोणीतरी नंतर पाडल्यासारखी ओबडधोबड, एका भोकात लाकडाचा भुसा चिकटलाय.

मीटरच्या मागे मुकुट, एएम, आणि ६ए मग तिरकी रेघ मग आकडे. भाऊ म्हणतो उघडून काटा सोडवू का.

मिडलंड्सकर:

मीटर उघडू नका!! सगळ्यात आधी ते. काळ्या तबकडीवरचे पांढरट पिवळट आकडे अंधारात चमकण्यासाठी रेडियमच्या रंगाने रंगवायचे. आता चमकत नाहीत कारण त्यातला चमकणारा पदार्थ मेला, रेडियम मात्र जिवंत आहे, त्याला निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. बंद काचेआड असेल तर घाबरण्यासारखं फार नाही, पण काच उघडून त्या रंगाची पूड उडाली, श्वासातून पोटात गेली तर वाईट. डब्यातच ठेवा, मुलांच्या हाताला लागू देऊ नका, उशाशी तर अजिबात नको.

एएम म्हणजे एअर मिनिस्ट्री. ६ए हा त्यांच्या कोठाराचा विभाग, विमानातली मीटरं. ५सी असतं तर विजेचं सामान, १० पासून असतं तर वायरलेस. हा कोठाराचा नंबर आहे, विमानाचा नव्हे. त्यामुळे मीटर ब्रिटिश, एवढंच.

आता खुर्ची. रिव्हेटच्या डोक्यावरचा खळगा हा तू शोधलास ते फार भारी, ती अमेरिकन पद्धत, कुठल्या मिश्रधातूचा रिव्हेट आहे ते डोक्यावरून कळावं म्हणून. खळगा म्हणजे नेहमीचा एडी रिव्हेट, उठावाची टिकली असेल तर वेगळा, दोन उठावाच्या रेघा असतील तर अजून कडक, जो मारायच्या आधी थंड ठेवावा लागायचा म्हणून कारखान्यात त्यांना बर्फाचे रिव्हेट म्हणायचे. बोल्टावरची फुली म्हणजे एएन, आर्मी-नेव्ही स्टँडर्डचा स्टीलचा बोल्ट. ७/१६ चा पाना म्हणजे पाव इंची बोल्ट. (११ चा का बसत नाही तर ७/१६ म्हणजे ११.११ मिलिमीटर, नव्या पान्यात एवढीसुद्धा जागा नसते.) म्हणजे अमेरिकन बनावट पक्की. स्पिटफायर इथेच संपलं, साठ हजारवाल्याला नमस्कार सांग.

आणि ८८. नॉर्थ अमेरिकन कंपनी प्रत्येक कॉन्ट्रॅक्टला एक नंबर द्यायची आणि तोच पार्ट नंबरच्या सुरुवातीला यायचा. ७३ पहिलं मस्टँग फायटर, १०६ आणि १०९ नंतरचं डी मॉडेल, ६२ बी-२५ मिचेल बाँबर. ८८ म्हणजे टेक्सन ट्रेनर, एटी-६सी आणि डी, ज्याला ब्रिटिश आणि आपण म्हणायचो...

काकांना बोलू द्या, त्यांची शंका होती.

निवृत्त_फिटर:

हार्वर्ड! फोटोतली पाठ आणि त्या मागच्या कड्या बघूनच वाटलं होतं. नळ्यांवर वरखाली सरकते, बाजूच्या दांड्याने अडकते, बरोबर. अरे ह्या सीटमध्ये आमची किती पोरं ओकली असतील. हार्वर्ड आपल्या एअरफोर्सने सत्तरच्या दशकापर्यंत ट्रेनर म्हणून वापरलं, जमिनीवर चालवताना अवघड, जरा दुर्लक्ष झालं की शेपटीकडून गरकन फिरायचं, आणि पंख्याचा तो आवाज, गावभर. इंजिन गरम असतानाचा तेलाचा वास मला आत्ता आला बघ.

एकच सांगतो, ८८ असलं तरी बाकीच्या भागांवर १९ किंवा ५५ दिसलं तर गडबडू नकोस, जुन्या मॉडेलचे भाग तसेच पुढे चालू राहिले, मिडलंड्सकरांनी ३०० चं सांगितलं तसंच.

पण मला खुर्चीपेक्षा तो ब्रॅकेट जास्त सतावतोय. ३२ आणि मग अक्षर म्हणालास ना? कन्सॉलिडेटेड ह्या अमेरिकन कंपनीचं मॉडेल ३२ म्हणजे लिबरेटर, बी-२४, चार इंजिनांचं मोठं बाँबर. त्यांचं मॉडेल २८ कॅटलीना. आणि तुझे आजोबा ६९ पर्यंत लोहगावला. आता नीट ऐक.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी त्यांची लिबरेटर कानपूरला चकेरीच्या मैदानात सोडून दिली. ती अमेरिकेची उधारीवरची विमानं, वापरायची नाहीत अशी अट, म्हणून जाताना मुद्दाम मोडतोड करून गेले, मीटरं फोडली, इंजिनात वाळू घातली असं आम्हाला जुने लोक सांगायचे. तो सगळा सांगाड्यांचा ढीग आपल्या माणसांनी ४८ साली हाताशी धरला, ह्याचं चाक त्याचा पंख असं करत जोडून उडण्यापुरतं केलं आणि एचएएलचे (बंगलोरचा विमान कारखाना) टेस्ट पायलट जमशेद मुन्शी एकेक विमान कानपूरहून बंगलोरला उडवत घेऊन गेले, तिथे पूर्ण दुरुस्ती. चाळीसच्या वर विमानं अशी भंगारातून उठवली! त्यातून आधी ५ नंबर स्क्वाड्रन उभं राहिलं आणि ५१ साली पुण्यात ६ नंबर, जे समुद्रावर टेहळणीला जायचं. ६८ च्या शेवटी लिबरेटर रिटायर झाली. जगात दुसरीकडे ती केव्हाच कापून भांडी झाली होती, म्हणून आज परदेशातल्या म्युझियममध्ये जी थोडी उरलीत त्यातली काही आपल्याकडूनच गेलेली आहेत. लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममधलं ७४ साली आपणच दिलं. एक पालमच्या आपल्या म्युझियममध्ये आहे, दिल्लीला गेलास तर बघ, केवढं धूड आहे ते.

मी लोहगावला गेलो तेव्हा ती गेलेली होती, पण जुन्या सार्जंटांच्या तोंडात दुसरा विषय नसायचा. आजीला विचार, आजोबा ६ नंबरला होते का.

मिडलंड्सकर:

काकांचं वाचून अंगावर काटा आला. फक्त ३२ बद्दल एक जोड, लिबरेटर अमेरिकेत पाच कारखान्यांत बनली, फोर्डने तर विलो रनला गाड्यांसारखी लाइन लावून बनवली, एकूण १८ हजारांवर, आणि सगळीकडे डिझाइन तेच. म्हणजे ३२ वरून कारखाना कळणार नाही. तपासनिसाच्या शिक्क्यावरून कारखाना कळू शकतो, पण दाराला इतकी वर्षं अडसर झालेल्या ब्रॅकेटवर तो शिल्लक असेल अशी आशा कमी.

फुकटचा_सल्ला:

मग असं जुनं सामान अरुणाचल, आसामकडे डोंगरात पडलंय म्हणतात ते जाऊन आणलं तर चालेल का? पुढच्या महिन्यात तवांगला जातोय. आणि नातू, हे पुरावस्तूत येतं का, विकायला परवानगी लागते का?

डोंगरभटक्या:

सल्लासाहेब, दुसऱ्याचं उत्तर आधी. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, ४० च्या दशकातलं सामान त्यात अजून बसत नाही. पण संरक्षण खात्याचा माल आहे, कसा आला त्याचा कागद असलेला बरा.

पहिल्याचं उत्तर नाही असं आहे आणि ते जरा सविस्तर देतो, कारण मी त्या भागात दोन वर्षं नोकरीला होतो. ४२ ते ४५ मध्ये अमेरिकन विमानं आसामातल्या चबुआ, दिनजान, मोहनबाडी अशा धावपट्ट्यांवरून पेट्रोल, दारूगोळा घेऊन डोंगरांवरून चीनमध्ये कुनमिंगला जायची, पायलट त्या रस्त्याला 'हम्प' म्हणायचे, म्हणजे उंटाचं मदार. हवामान भयंकर, नकाशे अर्धवट. सहाशेच्या आसपास विमानं पडली. त्यातली बरीच अजून जंगलात आहेत आणि बऱ्याच विमानांत माणसं पण आहेत. अमेरिकेचं एक खातं आजही त्यांचे अवशेष शोधतं, त्यांच्या हिशोबाने भारतात चारेकशे जण बेपत्ता आहेत. ४४ च्या जानेवारीत पडलेल्या एका लिबरेटरमधले अवशेष २०१६ साली दिल्लीहून समारंभाने मायदेशी पाठवले. आता तिथला एखादा नंबराचा पत्रा तू शोपीस म्हणून उचलून आणलास तर तेच विमान ओळखायची खूण गेली. कोणाची तरी पुतणी ऐंशी वर्षं वाट बघतेय तिकडे.

गावातल्या लोकांनी नेलेला पत्रा ही वेगळी गोष्ट, तो त्यांचा व्यवहार आहे. एका घरात रात्री जेवायला बसलो होतो, चुलीवर टांगलेल्या फळीखाली ठिणग्या उडू नयेत म्हणून पत्रा ठोकलेला, काजळीने काळा. हात पुसता पुसता नखाने खरवडला तर खाली अक्षरांची ओळ, अल्क्लॅड २४ एसटी, पुन्हा अल्क्लॅड २४ एसटी, कापडाच्या काठावर मिलचं नाव असतं तशी. ते विमानाच्या पत्र्याचं मूळ छापील नाव, शुद्ध ॲल्युमिनियमचं पातळ अस्तर लावलेला पत्रा. रिव्हेटच्या भोकांच्या दोन रांगा, अगदी सरळ. म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला बापाने दोन दिवस चालून पाठीवरून आणला, गंजत नाही म्हणून. पाऊस बाहेर धो धो. मी फोटो काढला नाही, का कोण जाणे.

बघायचंच असेल तर पासीघाटला २०२३ मध्ये ह्याच विषयाचं म्युझियम झालंय, तिथे जा. तवांगहून जवळ नाही हं, नकाशा बघून जा, आमच्यासारखा गाडीत अख्खा दिवस घालवू नका.

नातू_कसबेकर:

सगळ्यांचे खूप आभार. आज दुपारी आजीला बसवून सगळं वाचून दाखवलं, काकांचं कानपूरचं दोनदा. मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

खुर्ची आजोबांनी एअरफोर्समधून आणलेलीच नाही! जुन्या बाजारातून आणली, ७६ की ७७ साल असेल, रविवारी भाजी आणायला गेलेले आणि खांद्यावर हे घेऊन आले, भाजी नाहीच. आजी म्हणाली "बारा रुपये दिले त्या घमेल्याला, आणि वर मला सांगतात, ह्यातले बोल्ट बघ, एकाचीही वायर सुटलेली नाही." (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून बांधतात ती वायर.) तिने दोन दिवस अबोला धरला होता म्हणे. 'विमानातली खुर्ची' हे नाव पण तिनेच टोमणा म्हणून ठेवलेलं, आम्हा पोरांना वाटलं मान आहे.

मग मी ब्रॅकेट दाखवला. तर एकदम गप्प झाली. म्हणाली, हा इथे दाराशी कोणी आणला? तो ६८ साली विमानं गेली तेव्हा ६ नंबरच्या पोरांनी कापून, लाकडाच्या पाटावर बसवून त्यांना निरोपाला दिलेला. खाली पितळी पट्टी होती नावाची. पाट वाळवीने खाल्ला, पट्टी कोणीतरी भंगारात घातली, ब्रॅकेट माळ्यावर होता, मागच्या रंगकामाच्या वेळी खाली आला आणि बहुतेक मीच (!) दाराला लावला. ती चार ओबडधोबड भोकं पाटाच्या स्क्रूची.

एवढी वर्षं आम्ही खुर्चीवरून भांडतोय आणि ब्रॅकेटवर पाय अडखळला की शिव्या देतोय.

भावाला सांगितलंय विक्री रद्द. त्या माणसाचा परत फोन आला होता, हार्वर्ड म्हटल्यावर वीस हजारांवर आला, मग नंबर वाचून दाखवल्यावर म्हणाला नंतर बोलतो. खुर्ची नव्या फ्लॅटमध्ये आजीबरोबर जातेय, पोपटी रंगासकट. मीटर डब्यातच आहे, डब्यावर चिठ्ठी लावली. ब्रॅकेटसाठी नवा पाट करायचाय, सागवान चालेल का? आणि काका, त्या कप्पीला थोडं तेल द्यायचं की हात लावायचा नाही?

निवृत्त_फिटर:

सागवान चालेल पण लाकूड आणि पत्रा ह्यांच्यामध्ये पातळ चामडं किंवा रबर घाल, आणि स्क्रू पितळी नको, ॲल्युमिनियमला पितळ लागलं की दमट हवेत पांढरी भुकटी यायला लागते, स्टेनलेसचे घे आणि तीच जुनी चार भोकं वापर, नवीन पाडायची नाहीत. कप्पीला तेल नको, धूळ धरेल. कोरड्या फडक्याने पुस आणि बोटाने फिरवून बघ, फिरतेय का?

नातू_कसबेकर:

फिरतेय. आवाजसुद्धा नाही.